पावसाळ्याआधी एकदा फुंकून या

दरड कोसळली, पूर आला, वाडा पडला की रात्री-अपरात्री निघणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींसाठी हे लिहिते आहे. २०२३ च्या पावसाळ्यानंतर मी माझ्या फुप्फुसांची रीतसर तपासणी करून घेतली. त्यात जे कळलं ते माझ्यापुरतं ठेवायचं नाही, असं तेव्हाच ठरवलं होतं. ही तपासणी कशी होते, आकडे कसे वाचायचे आणि बचावपथकात काम करणाऱ्यांनी ती केव्हा करून घ्यायला हवी, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

मी नाशिकची. अंबडच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणी विभागात नोकरी करते. कॉलेजात असताना डोंगराचं वेड लागलं आणि त्यातूनच बचावकार्यात आले. सह्याद्रीतल्या बहुतेक पथकांसारखंच आमचंही आहे. नोकरी-धंदा सांभाळून, स्वतःच्या पेट्रोलने आणि घरच्यांच्या परवानगीने जायचं. अंजनेरीला वाट चुकलेला कुणी, हरिहरच्या पायऱ्यांवर भीतीने गोठलेला कुणी, ही नेहमीची कामं. त्यांनी फुप्फुसांना काही होत नाही, उलट ती तगडी होतात. त्रास होतो तो ढिगाऱ्यावरच्या आणि गाळातल्या कामाने.

सुरुवात खोकल्याने झाली. रात्री दोन-तीनच्या सुमारास जाग यायची आणि कोरडा खोकला सुटायचा. फोडणीत मिरची पडली की घरातल्या सगळ्यांनाच ठसका लागतो, पण त्यांचा मिनिटभरात थांबायचा आणि माझा अर्धा तास चालायचा. उदबत्ती नको, धूप नको. मग एकदा पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना मधेच थांबावं लागलं. नाशिकमध्ये आपला दम कुठवर आहे हे बघायचं ठिकाण म्हणजे पांडवलेणी. ज्या पायऱ्या मी एका दमात चढायचे, तिथे मी कठड्याला टेकून उभी होते. कुणी म्हणालं, नाशिकची थंडी बाधली. कुणी म्हणालं, वय झालं आता. एका दवाखान्यात छातीचा एक्स-रे काढला. तो स्वच्छ निघाला, मग खोकल्याचं औषध आणि ॲन्टिबायोटिक घेऊन घरी आले. खोकला होता तिथेच होता.

जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीला गेलो तेव्हा मात्र मी घाबरले. १९ जुलैच्या रात्री दरड वाडीवर आली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता, यंत्रं वर नेता येत नव्हती, सगळं सामान पाठीवर घेऊन पावसात आणि चिखलात चढायचं होतं. त्या चढावर माझ्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. बरोबरच्याने माझी सॅक घेतली. वर पोचल्यावर काम केलं, कारण तिथे स्वतःचा विचार करायला जागाच नव्हती. खाली आल्यावर आमच्या पथकातली परिचारिका असलेली मैत्रीण म्हणाली, "आता छातीच्या डॉक्टरांकडे गेल्याशिवाय तुला मी पुढच्या कॉलला येऊ देणार नाही."

कॅनडा कॉर्नरच्या बाजूला बसणाऱ्या एका छातीरोगतज्ज्ञ बाई तिनेच सुचवल्या. त्यांनी स्टेथोस्कोप लावायच्या आधी मला सगळं क्रमाने सांगायला लावलं. कुठे कुठे गेलात, तिथे धूळ होती की चिखल, किती वेळ होतात, तोंडावर काय होतं, त्या रात्री खोकला आला का. मला वाटत होतं त्या इर्शाळवाडीवर थांबतील. पण त्या पावसाळी दरडीवर फारशा रेंगाळल्याच नाहीत. "तिथे सगळं भिजलेलं होतं," त्या म्हणाल्या. "ओली माती हवेत उडत नाही. तिथे तुम्हाला त्रास झाला, पण तो तिथे लागलेला नाही. त्याआधीचं सांगा."

मग आधीचं निघालं. ऑगस्ट २०१९ चा गोदावरीचा पूर नाशिककरांना सांगायला नको. नदीपात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला, पाणी सराफ बाजार आणि भांडी बाजारापर्यंत आलं. पूर ओसरल्यावर आम्ही काठावरच्या दुकानांतून आणि घरांतून गाळ काढत होतो. पहिले दिवस ओला गाळ घमेल्यांनी उपसला. नंतर कडक ऊन पडलं, राहिलेला गाळ सुकून पापडी झाला आणि आम्ही तो खराट्याने झाडला. बंद दुकानात, शटर अर्धं वर करून. त्या गाळात गटारांचं पाणी मिसळलेलं होतं. रात्री नाक शिंकरलं की राखाडी पाणी यायचं.

त्यानंतर जुन्या नाशकातला पडलेला वाडा. आपल्याकडे पावसाची झड लागली की जुने वाडे पडतात, दरवर्षीचं आहे. हे वाडे बाहेरून भिजलेले असतात आणि आतून कोरडे. पांढऱ्या मातीच्या भिंती, चुना, वाळवीने खाल्लेलं लाकूड आणि माळ्यावर वर्षानुवर्षं साठलेली पारव्यांची विष्ठा. तुळई हलवली की वरून सगळं एकदम खाली येतं आणि समोरचा माणूस दिसेनासा होतो. आत कुणीतरी अडकलेलं असतं, हाक येत असते, अशा वेळी मास्क शोधायला कोण थांबणार? तोंडाला ओढणी बांधून आम्ही आत शिरलो होतो.

आणि जुलै २०२१ चं चिपळूण. वाशिष्ठीचं पाणी ओसरल्यावर बाजारपेठेत गेलो तेव्हा किराणा दुकानांतली तांदळाची, डाळीची पोती कुजून गरम झाली होती. पोतं फोडलं की त्यातून धूर निघावा तसा बुरशीचा भुकटा उडायचा. भिंतींवर काळे-हिरवे डाग. डॉक्टरांनी इथे पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "त्यानंतर ताप, अंग मोडून येणं, छाती भरल्यासारखं वाटणं असं झालं होतं?" झालं होतं. पथकातल्या बऱ्याच जणांना झालं होतं, आणि सगळ्यांनी दमणुकीचा ताप म्हणून सोडून दिलं होतं.

त्यांनी मग कागदावर आकृती काढून समजावलं. जाड धूळ नाकात आणि घशात अडकते, ती शिंकून, खाकरून निघून जाते. १० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण खाली उतरतात आणि साधारण ४ मायक्रॉनच्या आतले थेट वायुकोशांपर्यंत पोचतात. ते डोळ्यांना दिसतही नाहीत. ढगासारखी दिसणारी धूळ खाली बसली आणि हवा स्वच्छ वाटली, तरी हे कण बराच वेळ तरंगत असतात. सिमेंट-काँक्रीटची धूळ अल्कधर्मी असते, ती श्वासनलिकेचं अस्तर भाजून काढते. वाळूत आणि दगडात सिलिका असते. घरांच्या छपरांचे सिमेंटचे पत्रे फुटले की त्यातून ॲस्बेस्टॉसचे तंतू सुटतात. १९९५ च्या कोबेच्या भूकंपानंतर ढिगारे उपसणाऱ्या काही कामगारांना बऱ्याच वर्षांनी मेसोथेलिओमा हा कर्करोग झाला आणि तो त्या कामामुळेच झाल्याचं जपानमध्ये मान्य करण्यात आलं. आपल्याकडे कुठली दरड, कुठलं वादळ, कुठला भूकंप घ्या, ढिगाऱ्यात सिमेंटचे पत्रे असतातच.

आता प्रत्यक्ष तपासणी. पीएफटी, म्हणजे फुप्फुसांच्या क्षमतेची तपासणी, म्हणतात ती हीच, स्पायरोमेट्री. पोटाला तडस लागेल इतकं जेवून जायचं नाही, कपडे सैल घालायचे, दम्याचा पंप (इनहेलर) घेत असाल तर तो किती तास आधी बंद करायचा हे डॉक्टरांना विचारून घ्यायचं. खुर्चीत ताठ बसवतात, नाकाला चिमटा लावतात, पुठ्ठ्याची नळी दातांत धरून ओठ घट्ट मिटायचे. छाती गच्च भरून श्वास घ्यायचा आणि एका झटक्यात, असेल नसेल तेवढ्या जोराने सोडायचा. तंत्रज्ञ मुलगा भला होता. "फुंका ताई, फुंका, फुंका, सोडू नका, अजून, अजून, अजून थोडं," असं तो माझ्याबरोबर स्वतःही वाकून ओरडत होता. हवा संपली असं आपल्याला दुसऱ्या-तिसऱ्या सेकंदालाच वाटतं, पण किमान सहा सेकंद तरी फुंकत राहायचं असतं. डोळ्यांपुढे अंधारी येते. आणि एकदा फुंकून भागत नाही. किमान तीन फुंका नीट जमाव्या लागतात आणि त्यातल्या चांगल्या दोन एकमेकींशी जुळाव्या लागतात, तरच आकडा खरा धरतात. म्हणून मनापासून फुंका. अर्धवट फुंकलेल्या तपासणीचा कागद काही कामाचा नसतो.

पहिल्या सेकंदात बाहेर पडलेल्या हवेला एफईव्ही-वन म्हणतात. माझी आली २.४० लिटर. माझ्या वयाच्या आणि उंचीच्या बाईची अपेक्षित २.५५. म्हणजे ९४ टक्के. कागदावर छापून आलं, नॉर्मल.

मला आतून बरं वाटलं आणि त्याच वेळी रडूही आलं, कारण मग हा खोकला कसला? डॉक्टरांनी विचारलं, "याआधी कधी ही तपासणी झाली आहे का?" आणि माझ्या लक्षात आलं, झाली आहे की. आमच्या कारखान्यात पावडर कोटिंगचा, म्हणजे भुकटीचा रंग फवारण्याचा विभाग आहे, त्यामुळे वार्षिक तपासणीत सगळ्यांचीच पीएफटी होते. माझं टेबल त्या विभागापासून लांब, वातानुकूलित खोलीत आहे, पण फुंकायला मीही रांगेत असते. दरवर्षी शेरा यायचा, नॉर्मल, आणि कागद फाइलला लागायचा. मी ते सगळे काढून आणले.

२०१८ साली ३.०८. २०१९ च्या मार्चमध्ये, पुराच्या आधी, ३.०५. मग कोविडच्या काळात फुंकायची तपासणी बंद होती. २०२२ मध्ये २.६२. आणि आता २.४०.

डॉक्टरांनी ते कागद टेबलावर एकाशेजारी एक मांडले. २०१९ मध्ये मी अपेक्षितच्या ११५ टक्क्यांवर होते. डोंगर चढणाऱ्या माणसाची फुप्फुसं सर्वसाधारण माणसापेक्षा बरीच चांगली असू शकतात. निरोगी माणसाची एफईव्ही-वन वयानुसार वर्षाला साधारण २५ ते ३० मिलिलिटरने कमी होते. तेवढं धरलं तर माझी दीडशेच्या आतबाहेर कमी व्हायला हवी होती. झाली साडेसहाशे. यंत्रं वेगळी असली की थोडाफार फरक पडतो, पण इतका नाही, असं त्या म्हणाल्या. मला कोविड झाल्याचं कधी निघालं नव्हतं, तरी न कळता होऊन गेला नसेलच असं नाही, हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. पण घसरण खरी होती. ११५ वरून ९४ वर आलेला माणूस आणि जन्मभर ९४ वर असलेला माणूस, दोघांच्या कागदावर शेरा एकच येतो.

माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे. "नॉर्मल" हा शेरा आपली तुलना इतर लोकांशी करतो. आपली तुलना आपल्याशी करायची तर आधीचा आकडा हातात असावा लागतो.

न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाचं उदाहरण डॉक्टरांनी दिलं. तिथले जुळे मनोरे कोसळले ती नैसर्गिक आपत्ती नव्हती, पण धूळ होती ती कोसळलेल्या इमारतींचीच. ११ सप्टेंबर २००१ नंतर त्या दलातल्या बारा हजारांवर माणसांच्या तपासण्या ताडून पाहिल्या गेल्या. पहिल्या एका वर्षातच एफईव्ही-वन सरासरी ३७२ मिलिलिटरने घसरली होती. म्हणजे वयामुळे बारा वर्षांत जेवढी घसरते तेवढी. पुढच्या सहा वर्षांतही सरासरीने ती भरून आली नाही. आणि हे सगळं सिद्ध करता आलं, कारण त्या दलात घटनेच्या आधीपासून प्रत्येकाची नियमित फुंक मोजली जात होती. आधीचे कागद नसते तर त्यातल्या कितीतरी जणांना "नॉर्मल" सांगून घरी पाठवलं गेलं असतं.

हे ऐकताना मला आमची दोरांची वही आठवत होती. आमच्या प्रत्येक दोराला नंबर आहे. कधी घेतला, कुठे वापरला, झटका किती बसला, कुठे घासला, सगळं त्या वहीत लिहिलेलं असतं. शंका आली की दोर बाद करतो, दिसायला कितीही चांगला असला तरी. त्या दोरावर लटकणाऱ्या माणसाची मात्र रक्तगटापलीकडे एक ओळही आमच्याकडे नव्हती.

पुढच्या तपासण्या झटपट सांगते. साल्ब्युटामॉलचा पंप देऊन पंधरा मिनिटं बसवलं आणि पुन्हा फुंकायला लावलं. आकडा २.७१ वर गेला. औषधाने श्वासनलिका इतक्या उघडतात याचा अर्थ त्या आवळलेल्या होत्या, दम्यासारख्या. दुसऱ्या दिवशी डीएलसीओ झाली, त्यात ठरावीक वायू हुंगून दहा सेकंद श्वास रोखायचा असतो. फुप्फुसातून रक्तात प्राणवायू नीट जातो का याचा त्यातून अंदाज येतो. ती चांगली आली. एचआरसीटीमध्ये, म्हणजे छातीच्या बारकाईच्या सीटी स्कॅनमध्ये, सिलिकोसिसच्या (सिलिकाच्या धुळीने होणाऱ्या आजाराच्या) गाठी नव्हत्या, फक्त काही भागात हवा अडकून राहत होती. साधा एक्स-रे स्वच्छ का आला होता तेही तेव्हा समजलं. आवळलेल्या नळ्या एक्स-रेत दिसत नाहीत.

निदान झालं, धुळीने आणि बुरशीने चिडलेल्या श्वासनलिकांचा दमा. स्टिरॉइड असलेला श्वासातून घ्यायचा पंप सुरू झाला. आईने "पंपाची सवय लागते" म्हणून खूप धसका घेतला होता. तिला डॉक्टरांसमोर बसवून समजावलं की औषध अगदी थोडं असतं आणि थेट छातीत जातं, गोळीसारखं सगळ्या अंगभर नाही. पंप घेतल्यावर चूळ भरायची, एवढं पथ्य. घरी फुंकेचा जोर मोजणारा छोटा पीक फ्लो मीटर ठेवला, सकाळ-संध्याकाळ फुंकून वहीत लिहायचं. काही महिन्यांनी एफईव्ही-वन २.७८ झाली. रात्रीचा खोकला गेला. ३.०५ परत आलेली नाही. बहुतेक येणार नाही, असं डॉक्टर म्हणतात.

मी पथकाच्या बैठकीत हे सगळं मांडलं. तरुण पोरं लगेच तयार झाली. आमच्यातले सर्वात ज्येष्ठ काका मात्र ऐकेनात. २६ जानेवारी २००१ ला भूज हादरलं, तेव्हा नाशिकहून गेलेल्या मुलांत ते होते. काँक्रीटचे स्लॅब फोडायचे, तोंडाला हातरुमाल, अंगावर बोटभर पांढरी धूळ, हे त्यांच्याकडून आम्ही अनेकदा ऐकलं आहे. "मला काय धाड भरलीय?" म्हणाले. शेवटी त्यांच्या नातीने त्यांना आणलं.

त्यांचा कागद नॉर्मल नव्हता. पंप देऊनही आकडा हलला नाही. सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार निघाला. काकांनी विचारलं, "हे भूजचं का?" डॉक्टरांनी त्यांना पूर्वी बिडी ओढायचात का विचारलं, लहानपणी घरात चूल होती का विचारलं. दोन्ही होतं. मग त्या म्हणाल्या, "काका, कशाचा वाटा किती, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. २००० सालचा एक कागद असता तर काहीतरी बोलता आलं असतं." काका बराच वेळ गप्प होते. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. ज्या माणसाने दुसऱ्यांची माणसं ढिगाऱ्यातून काढली, त्याला स्वतःच्या छातीबद्दलच्या साध्या प्रश्नाचंही उत्तर मिळू नये. कायद्याप्रमाणे सिलिकोसिस झालेल्या कामगाराची माहिती सरकारला कळवावी लागते. धुळीत काम करणाऱ्या कामगारासाठी निदान कागदावर तरी काही आहे. ढिगाऱ्यावर आपणहून जाणाऱ्याचं काय?

आम्ही आमच्यापुरतं सुरू केलं आहे. मे महिन्यात, पावसाआधी, सगळ्यांनी एकाच ठिकाणी, एकाच यंत्रावर फुंकायचं. शेरा कोणता आला ते नाही, लिटरमधला आकडा वहीत उतरवायचा आणि आलेखाचा कागद सोबत लावायचा. कॉलवरून आल्यावर धूळ कोरडी होती की ओली, किती तास, मास्क कोणता, नंतर ताप-खोकला आला का, हे त्याच वहीत लिहायचं. खोकला पंधरवड्यावर टिकला की पुन्हा फुंकायला जायचं.

कामाच्या पद्धतीतही फरक केला. सुकलेला गाळ झाडायचा नाही. पाणी मारायचं, मग फावड्याने काढायचा. कुजलेलं पोतं फोडायच्या आधी भिजवायचं. ओढणी आणि रुमाल बंद, कारण बारीक कण त्यातून आरपार जातात. एन-९५ चालतो, पण तो नाकाशी आणि हनुवटीशी घट्ट बसला पाहिजे. घातल्यावर दोन्ही हातांनी झाकून जोरात श्वास सोडायचा, कडेने हवा लागली तर तो नुसता शोभेचा. दाढीवर कुठलाच मास्क बसत नाही, यावरून पथकात बरेच वाद झाले आणि पावसाळ्यापुरती दाढी काढायचं काहींनी कबूल केलं. पावसात एन-९५ भिजला की श्वास घेणं जड जातं आणि माणूस तो खाली ओढतो. म्हणून आत शिरणाऱ्यांसाठी आम्ही रबरी अर्धमुखी मास्क घेतले, दोन्ही बाजूंना बदलता येणारे फिल्टर असतात ते. अंबड-सातपूरच्या दुकानांत स्प्रे पेंटिंगवाल्यांसाठी ठेवलेले असतात, पण फिल्टर मात्र धुळीच्या कणांचा मागून घ्यायचा, नुसता वासाचा चालत नाही. त्याची किंमत चांगल्या कॅराबिनरच्या (दोर अडकवायच्या कडीच्या) आसपास जाते. धुळीचे कपडे गाडीत बसायच्या आधी पिशवीत बांधायचे, घरी लहान मुलं असतात.

कारखान्यात किंवा कंपनीत नोकरी करणाऱ्या सगळ्या पथकवाल्यांना एक सांगणं. तुमच्या वार्षिक तपासणीत पीएफटी होत असेल तर तिचे जुने कागद आत्ता मागून घ्या. मला कार्यालयात एक अर्ज केल्यावर मिळाले. ज्यांची कधीच झालेली नाही त्यांनी येत्या मेमध्ये स्वतःच्या पैशाने का होईना, फुंकून या. नाशिकमध्ये कुठल्या पथकाला एकत्र शिबिर लावायचं असेल तर आमची वही दाखवायला आम्ही तयार आहोत, रकाने कसे आखले तेही सांगू.